हसायचं शिबिर आणि इंदापूरची बंद खोली

बारामतीहून परत आले त्या सकाळी वॉर्डातल्या मुलींनी मला दारातच घेरलं. "सिस्टर, काय काय शिकवलं?" मी म्हटलं, "हसायला." त्यांना थट्टा वाटली. मग मी पिशवीतून एक शाल, एक नारळ आणि मान टाकलेलं कुंडीतलं रोप काढून टेबलावर ठेवलं, तेव्हा त्यांचे चेहरे उतरले. पुढच्या वर्षी त्यांच्यातलीच कोणीतरी जाणार आहे. तिनं निदान काय वाट्याला येणार ते जाणून मगच जावं, म्हणून हे लिहिते.

मी कुडाळच्या एका खासगी रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाची प्रमुख परिचारिका आहे. सगळे सावंत सिस्टर म्हणतात. आमचं रुग्णालय एका मोठ्या संस्थेचं. तिच्या शाखा राज्यभर पसरलेल्या, आणि मुख्य कार्यालयात बसलेल्या माणसांना त्यातल्या निम्म्या शाखा नकाशावर दाखवता येतील की नाही, याची मला शंका आहे. या कार्यालयाकडून यंदा निरोप आला: बारामतीच्या शाखेत 'परिचारिका सक्षमीकरण शिबिर', दोन दिवस, विषय नवजात शिशूंची काळजी, दुसऱ्या दिवशी गौरव सोहळा. नवजात शिशू हा शब्द वाचून मी हरखले. बाळाच्या श्वासाची नवी यंत्रं आली आहेत, ती कुणी नीट शिकवील, म्हणून मी वहीपेन घेऊन निघाले.

बारामती

गाव मात्र देखणं. रुंद रस्ते, दुभाजकावर झाडं, आणि एसटी स्टँडवर अशी स्वच्छता की आमच्याकडच्या माणसाला चुकून दवाखान्यात शिरल्यासारखं वाटावं. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाण्यांचा दणदणाट करत चाललेले. आमच्याकडे डोंगर नजर अडवतो, इथं उसाच्या तुऱ्यांवरून नजर जी निघते ती थांबतच नाही. ऊन मात्र फेब्रुवारीतच कोरडं, नाकात टोचणारं.

शिबिराच्या सभागृहात दारावर फुग्यांची कमान होती. बाळांच्या काळजीसाठी फुगे कशाला, हा प्रश्न मी गिळला. आत शेजारच्या खुर्चीवर एक उंच, सावळ्या, चाळिशीच्या बाई बसल्या होत्या. मांडीवर माझ्यासारखीच कोरी वही. त्यांनीच विचारलं, "तुमी कुठल्या? कोकनातल्या व्हय? मी मंगल. इंदापूरच्या शाखंत लेबर रूमला हाय. माहेर हितलंच, कऱ्हाटी."

मंगलताईंचं येणं माझ्यासारखं हौसेचं नव्हतं. इंदापूरच्या शाखेत नवजात बाळांसाठी नवी खोली बांधून तयार होती. बाळाला ऊब देणारे वॉर्मर, श्वासाला आधार देणारी यंत्रं, सगळं आलं होतं आणि प्लॅस्टिकात गुंडाळून पडलं होतं. ती खोली मंगलताईंच्या ताब्यात द्यायचं ठरलं होतं. "आजवर आजारी बाळ असलं की गाडीत घालून बारामतीला धाडतो," त्या म्हणाल्या. "तासाची वाट. काय पोचत्यात, काय न्हाय पोचत. आता हितंच शिकून घ्यायचं आन् खोली चालू करायची."

तेवढ्यात प्रशिक्षक आले. कोट, टाय, कानामागून गालावर आलेला माईक. त्यांनी संगीत लावलं आणि आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मग म्हणाले, "आज आपण नर्सिंगमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिकणार आहोत. स्माईल!"

मला वाटलं ही प्रस्तावना असेल. ती प्रस्तावना नव्हती. जेवणापर्यंत आम्ही हसलो. ओठ किती उघडायचे, दात किती दाखवायचे, नातेवाईक ओरडत असेल तर हसू कसं टिकवायचं. शेजारणीच्या हसण्याला गुण द्यायचे. मला कमी गुण मिळाले. "मॅडम, तुमच्या चेहऱ्यावर ताण दिसतो," प्रशिक्षक म्हणाले. दिसणारच. वीस वर्षं मी हाताच्या पंजात मावणाऱ्या बाळांच्या शिरा शोधते आहे.

मंगलताईंनी हात वर केला. "सर, एक इचारू का? बाळ निळं पडल्यावर कितपत हसायचं?"

मागच्या रांगा खदखदल्या. प्रशिक्षकांचं स्वतःचं हसू जागचं हललं नाही, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे. "फार छान प्रश्न! तो आपण प्रश्नोत्तरांच्या सत्रात घेऊ." प्रश्नोत्तरांचं सत्र पुढं साडीवाटपासाठी रद्द झालं.

दुपारी जेवण. डॉक्टर आणि कार्यालयातल्या मंडळींसाठी आत पंखे, टेबलं, वाढणारी माणसं. आम्हा गौरवमूर्तींना बाहेर मांडवात रांग. जेवण चांगलं होतं, त्यात आचाऱ्याचा दोष नाही. मटकीच्या रश्श्यानं डोळ्यांतून पाणी काढलं, भाकरी तव्यावरची गरम. भात शेवटी आणि चमचाभर. आमच्याकडे भात नसेल तर माणूस जेवलोच नाही म्हणतो. इथं भात म्हणजे पान संपल्याची खूण. जेवणानंतर आम्ही फुगे फुगवले आणि एकमेकींचे फोडले. त्यातून संघभावना वाढते असं कळलं.

गौरव सोहळा

दुसऱ्या दिवशी आम्हाला एकसारख्या पांढऱ्या, सोनेरी काठाच्या साड्या नेसवल्या आणि हातात पेटत्या पणत्या देऊन मंचाच्या पायऱ्यांवर उभं केलं. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते येत राहिले. तेल कोमट झालं, मग हातावर ओघळलं. माझ्या पुढच्या पायरीवरच्या मुलीला घेरी आली, तिला सावरताना माझा पदर पणतीवर गेला आणि काठाला भोक पडलं. मुख्य कार्यालयाचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, धावत आले. मला वाटलं, मुलीची चौकशी करतील.

"अहो सिस्टर, काय हे! साड्या भाड्याच्या आहेत!"

पाहुणे आले आणि भाषणं सुरू झाली. आम्ही देवदूत होतो. आम्ही माता होतो, भगिनी होतो, त्यागाच्या मूर्ती होतो, पांढऱ्या वेशातल्या ज्योती होतो. संबंध दुपारभर आम्ही शिकलेल्या बायका आहोत, आम्हाला एक काम येतं आणि ते आणखी चांगलं यावं असं आम्हाला वाटतं, एवढं सोडून आम्ही सगळं होतो. देवदूतांना प्रशिक्षण लागत नाही, हा त्यातला फायदा. वरिष्ठ पदही लागत नाही.

मग मंगलताईंना 'सेवारत्न' म्हणून पुकारलं. आम्हा सगळ्यांना मिळालं तेच त्यांनाही: त्या उकाड्यात अंगावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात कुंडी. टाळ्या वाजवायला हात मोकळा नाही आणि घाम पुसायलाही नाही. सरांनी माईक घेतला. "आणि एक आनंदाची बातमी! उद्या आपल्या इंदापूर शाखेतल्या नवजात शिशू कक्षाचं उद्घाटन आहे. या शिबिरात नवजात शिशूंच्या काळजीचं संपूर्ण प्रशिक्षण घेतलेल्या मंगल सिस्टर उद्यापासून तो कक्ष सांभाळतील!"

मी मंगलताईंकडं पाहिलं. घेरी येण्याआधी माणसाचा रंग जातो तसा त्यांचा रंग गेला होता. म्हणजे हेच ते प्रशिक्षण. टाळ्या, दात आणि फुगे. उद्या एखादं बाळ त्या खोलीत दगावलं तर सांगायला सोपं: सिस्टर प्रशिक्षित होत्या.

"दोन शब्द बोला," सर म्हणाले.

मंगलताईंनी कुंडी खाली ठेवली, नारळ ठेवला, आणि माईक हातात घेतला. "सगळ्यांचे आभार. पन मला कायच येत न्हाय. त्या यंत्रांना मी हातबी लावलेला न्हाय. हितं मला ते कुनी शिकवलं न्हाय. आदी शिकवा, मग खोली द्या."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. प्रमुख पाहुणे उठून उभे राहिले. "पाहा! पाहा ही विनम्रता! एवढी सेवा करूनही 'मला काही येत नाही' म्हणतात. ही शिकण्याची भूक!"

मी नाटकं पाहत वाढले. रात्र रात्र दशावतार पाहिलाय. पण एका बाईनं इतकं स्वच्छ, सरळ सत्य सांगावं आणि सगळ्या सभेनं ते न ऐकता डोक्यावर घ्यावं, असा प्रवेश मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

कऱ्हाटी

"चला, घरी चला माझ्या," मंगलताई म्हणाल्या. "हाटेलात एकट्या काय करता?" त्यांचा भाऊ गाडी घेऊन आला होता. बारामतीच्या त्या हिरव्या उसातून बाहेर पडलं की मोरगावच्या रस्त्याला जमीन एकदम बदलते. मुरमाड, कोरडी, मधून मधून ज्वारीची रानं, बाभळी. एकाच तालुक्यात पाणी कुणाच्या बाजूला वळलंय ते गाडीच्या काचेतून दिसतं.

घर नीटनेटकं, विटांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मंगलताईंचा नर्सिंगच्या पदवीचा फोटो. वडील, आबा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आता निवृत्त, थोडी शेती. आईंनी जेवायला शेंगोळी केली होती, हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या, लसणाच्या झणझणीत रश्श्यात. मी घास घेतला आणि ओरडलेच, "अहो, हा तर आमचा कुळीथ!" आमच्याकडे त्याची पिठी करतात आणि भातावर घेतात. आईंना पिठी म्हणजे काय ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पातळ व्हय? मग आजाऱ्याला देत आसाल." कोकणाचा असा अपमान मी पहिल्यांदाच ऐकून घेतला, कारण तोंड भरलेलं होतं.

जेवण झाल्यावर मंगलताईंनी वडिलांना सोहळ्याची हकिकत सांगितली. आबा सुपारी कातरत ऐकत होते.

"डेपोत नव्या इंजनाच्या गाड्या आल्या, तवा आमाला आदी नाशकाकडं शिकाया धाडलं हुतं," ते म्हणाले. "शिकून येस्तवर कुनाला बोनेट उघडू दिलं न्हाय. गाडी हुती ती. हितं तर लेकरं हायती."

"मग काय करू, आबा? न्हाय म्हणलं तर बदली करतील. इनचार्जची जागा जाईल. इतकी वर्सं वाट बघितली."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मंगलताई, माझी सुट्टी शिल्लक आहे. मी येते इंदापूरला. राहते काही दिवस. मला येतं तेवढं सगळं शिकवते तुम्हाला."

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्या माझ्याकडं रागानंच बघायला लागल्या. "आन् मग? त्यांचंच फावलं की! म्हनतील, बघा, शिबिरात शिकल्या. पुढच्या वर्साला परत फुगं. तुमी चार दिवस याल, घाईनं दावाल, मला अर्धं येईल. अर्ध्या येन्यानं बाळ वाचत न्हाय, सिस्टर. मला नीट शिकायचं हाय. तुमच्या वॉर्डात उभं राहून, रोज बाळं हाताळून."

"ते पाठवणार नाहीत," मी म्हटलं.

"मग मी बी खोली घेनार न्हाय."

आईंना हे पटलं नव्हतं. हातची जागा सोडू नये असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या बोलण्यात सगळ्या आयुष्याची भीती होती. "मिळालंय ते घे, पोरी. शिकशील हळूहळू."

"कुनाच्या लेकरावर शिकू, आई?"

आबांनी मान हलवून "बरोबर हाय" म्हटलं आणि ते अंथरूण घालायला उठले.

इंदापूर

शिकवायला नाही, तर नुसती सोबत म्हणून मी दुसऱ्या दिवशी मंगलताईंबरोबर निघाले. इंदापूर म्हणजे महामार्गाला चिकटलेलं गाव. ट्रक, बस, तहसील कचेरीकडं जाणारी कागदवाली माणसं, रसवंत्यांच्या घुंगरांचा आवाज. उद्घाटन अकराचं होतं, म्हणजे कधीचं ते आम्ही आदल्या दिवशी शिकलो होतो. तेव्हा आधी जेवून घेतलं. खानावळीत चिलापी नावाचा मासा मिळाला, उजनी धरणातला, तिखट लावून कुरकुरीत तळलेला. गोड्या पाण्यातला मासा म्हटल्यावर मी नाक मुरडलं. समुद्राच्या माणसाला तो मासा म्हणजे मिठाशिवायची भाजी. पण मसाला असा लावला होता की माशाला काही बोलायची संधीच मिळाली नाही. मी दोन खाल्ले. मंगलताईंनी भाकरीला हातही लावला नाही.

खोली खरोखर सुंदर होती. हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. निळ्या भिंती, ढगांची चित्रं, आणि आमच्या कुडाळच्या वॉर्डाला स्वप्नातही मिळणार नाहीत अशी यंत्रं. प्लॅस्टिक तेवढं काढलं होतं. एकाही यंत्राची वायर जोडलेली नव्हती. मी सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "फोटोत वायर दिसत नाही."

संस्थेचे एक विश्वस्त आले, वयस्कर, गळ्यात हार. शाखेतले बालरोगतज्ज्ञ, तरुण डॉक्टर, बाजूला मोबाइलमध्ये मान घालून उभे, आणि मागं लेबर रूमच्या तीन पोरी. फीत कापली. मग खोलीची किल्ली, लाल रिबन बांधलेली, तबकात ठेवून आणली. विश्वस्तांनी ती उचलली आणि मंगलताईंपुढं धरली. फोटोवाला गुडघ्यावर बसला.

मंगलताईंनी हात जोडले. घ्यायला पुढं केले नाहीत, जोडले.

"साहेब, माफ करा. मी काल सगळ्यांसमोर सांगितलं, ते तुमी हसण्यावारी न्हेलं. मला ही यंत्रं चालवाया येत न्हाईत. मला आन् ह्या पोरींना म्हैनाभर कुडाळच्या वॉर्डात धाडा. शिकून आलो की मी सोता येऊन किल्ली मागंन."

"सिस्टर, हे आत बोलू," सर दातांतून म्हणाले. हसू होतंच तोंडावर. निदान एक माणूस शिबिरातून काही शिकला होता. "आधी किल्ली घ्या. फोटो होऊ द्या."

"फोटो झाला की खोली माझी झाली. न्हाय, सर."

विश्वस्त गोंधळले. सरांनी पटकन वळून मागं उभ्या असलेल्या रेश्माला खूण केली. रेश्मा म्हणजे लेबर रूमची सगळ्यात नवी परिचारिका, नोकरी अजून कायम न झालेली. "तू घे गं. ये पुढं."

मला वाटलं, संपलं. ती पोर घेणार. तिच्या जागी कुणीही घेतली असती. रेश्मा एक पाऊल पुढं आली, मंगलताईंकडं पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिली. मान खाली होती; पण हात पुढं आले नाहीत. तिच्या शेजारच्या दोघींनीही हात मागं नेले. हे काही ठरवलेलं नव्हतं. मला ठाऊक आहे, मी सकाळपासून त्यांच्याबरोबर होते.

अखेर विश्वस्तांनीच किल्ली हातात धरली आणि तसा फोटो निघाला. वर्तमानपत्रात तो छापून आला. खाली लिहिलं होतं, 'कक्षाचं उत्साहात लोकार्पण'. पाहुणे चहाला गेले. खोलीला कुलूप लागलं. सर जाता जाता मंगलताईंना म्हणाले, "याचे परिणाम होतील." तरुण डॉक्टर मोबाइल खिशात घालून थोडा वेळ घुटमळले आणि मग कुणाकडंच न बघता निघून गेले.

त्यानंतर

परिणाम झाले. मंगलताईंकडून खुलासा मागवला, त्यांना बाह्यरुग्ण विभागात बसवलं, केसपेपर काढायला. रेश्माची नोकरी कायम करणं पुढं ढकललं. मी मुख्य कार्यालयात फोन केले तेव्हा मला 'सकारात्मक राहा' असं सांगण्यात आलं.

पण खोली चालेना. दुसरी कोणी किल्ली घेईना. आणि त्या घुटमळणाऱ्या डॉक्टरांना उशिरा का होईना कंठ फुटला. प्रशिक्षित परिचारिका नसतील तर मी तिथं एकही बाळ ठेवणार नाही, असं त्यांनी कळवलं. डॉक्टरनं म्हटल्यावर तेच वाक्य अक्कल ठरलं. पावसाळा संपता संपता मंगलताई आणि रेश्मा कुडाळच्या स्टँडवर उतरल्या. कार्यालयानं या योजनेला भारदस्त इंग्रजी नाव दिलं, आणि ती सुचल्याबद्दल सरांचा पुण्यात सत्कार झाला. शाल, नारळ, कुंडी.

मंगलताई आमच्या वॉर्डात महिनाभर राहिल्या. सुरुवातीला एवढ्याशा बाळाला उचलताना त्या आधी माझ्याकडं बघायच्या. मग बघेनाशा झाल्या. जायच्या आधी एका दुपारी लेबर रूममधून एक मुलगी आली, वेळेआधी जन्मलेली, न रडलेली, शिंपल्यासारखी निळसर. मी दुसऱ्या बाळाशी गुंतलेली. मंगलताईंनी तिला वॉर्मरवर घेतलं, मान सरळ केली, नाकातोंडावर मास्क धरला आणि हातानं दाबायच्या रबरी पिशवीनं श्वास द्यायला लागल्या. मी तिथूनच बघत होते. मला एक शब्द बोलायची गरज पडली नाही. थोड्या वेळानं ती मुलगी रडली. बारीक, चिडकं, पण रडली.

मंगलताई बाळाची खबर द्यायला बाहेर गेल्या, मी त्यांच्या मागून. दारात बाळाचा बाप उभा होता, मालवणकडचा मासेमार. त्यानं काकुळतीनं विचारलं, "डॉक्टरांनी वाचवल्यानी मां?"

"व्हय, वाचलं बाळ," मंगलताई म्हणाल्या आणि वळल्या.

माझं डोकं फिरलं. "अरे बाबा, डॉक्टर अजून इलेच नाय. तुझ्या चेडवाक ह्या बायेन वाचवल्यान."

तो बावचळला. दोनदा हात जोडले. मग आमच्याकडे विचारतात तेच विचारलं, "बाये, तुझा गाव खंयचा?"

"इंदापूर."

"तां खंय इला?"

मंगलताईंनी मास्क खाली ओढला. "लांब हाय, दादा. पन आता तितंबी असंच व्हईल," त्या म्हणाल्या, आणि बाळाकडं आत गेल्या.